आठवं नाव

"बाक्लारान, बाक्लारान! अजून दोघं बसतील! सरका, अंग चोरा जरा!"

"अहो काका, गप्प बसा!" पोल्दोने आपल्या जीपनीच्या ड्रायव्हरसीटवरून उडीच मारली. "घसा बसला तर तिकडे सिनेटमध्ये शिट्टी वाजवणार का?"

थांब्यावरचे सगळे हसले. तेयोंगही हसला. आज ओरडायचं नाही, हे तो चौथ्यांदा विसरला होता. पोल्दोच्या सासऱ्याचा उसना बारोंग सदरा अंगात होता आणि केसांना चपचपीत तेल.

पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत तेयोंग सिनेटमध्ये सदस्यांची नावं पुकारायचा. मार्शल लॉ आला, संसदेला कुलूप लागलं आणि तोच आवाज कियापोच्या थांब्यावर उतारू गोळा करू लागला. गेल्या वर्षी हुकूमशहा पळाला. यंदा निवडणूक झाली, आणि परवा सिनेटच्या सचिवबाईंचा निरोप आला: जुन्यांपैकी तुम्हीच उरलात, पहिल्या दिवशी पुकारायला या.

पोल्दोने उतारूंना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि हॉर्न बडवत एकट्या तेयोंगला घेऊन निघाला. रस्ताभर झेंडे होते.

"यादी पाहिलीत?"

"पाहिली. चोवीस नावं."

"मग असे पांढरेफटक का पडलात?"

तेयोंगने खिशातली यादी चाचपली. मग म्हणाला, "आठवं नाव गातमायतान साहेबांचं आहे. कुलूप लागलं त्या सकाळी फाटकावर सदस्य जमले होते. एका लष्करी अधिकाऱ्याने माझ्या हातात अटकेच्या नावांचा कागद दिला. म्हणाला, 'रोज पुकारतोस ना? मग पुकार.'"

"आणि तुम्ही?"

"पुकारलं. चार जण होते. गातमायतान साहेब शेवटचे. सवयीने 'हजर' म्हणाले आणि ट्रकमध्ये चढले. तीन वर्षं आत होते."

"समोर बंदूक होती ना?"

"होती. पण आवाज माझा होता, पोल्दो."

त्याने सभागृहात पाय ठेवला. तेच उंच खांब, तेच छत. गॅलरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक ओरडत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. हातोडा पडला. तेयोंग उभा राहिला.

पहिलं नाव त्याने घेतलं आणि सगळी गॅलरी चूप झाली. दुसरं, तिसरं. आवाज मोकळा सुटला, मागच्या भिंतीला जाऊन भिडला. सात नावं झाली.

"अनिसेतो गातमायतान."

उत्तर नाही.

"पुढचं घ्या," सचिवबाई कुजबुजल्या.

तेयोंगने कागद खाली ठेवला.

"अनिसेतो गातमायतान!"

तिसऱ्या रांगेत काठी वाजली. एक वाळलेला, डाव्या अंगाने लुळा झालेला माणूस बाकाला धरून इंच इंच उठत होता. शेजारच्याने हात पुढे केला, तो त्याने झटकला. पुरता ताठ झाला, तेव्हाच म्हणाला, "हजर."

गॅलरीतून जल्लोष उसळला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! हातोडा आपटून आपटून अध्यक्ष दमले, आणि मग तेही हसू लागले. उरलेली सोळा नावं तेयोंगने कशी वाचली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

कामकाज संपल्यावर व्हरांड्यात मागून काठी वाजली.

"तेयोंग."

तो वळला. पंधरा वर्षं मनात घोळवलेली वाक्यं एकदम तोंडाशी आली. "साहेब, त्या दिवशी मी..."

"पहिली हाक मी ऐकली होती बरं का," गातमायतान म्हणाले. "पण उभं राहूनच बोलायचं होतं, आणि हा पाय ऐकेना. थांबलास, बरं केलंस."

"साहेब, तो कागद..."

"ट्रकमध्ये आम्ही चौघं त्यावरच बोलत होतो. त्या पोरसवद्या अधिकाऱ्याने स्वतः पुकारलं असतं, तर आमच्या नावांचा पार भुगा केला असता." ते जवळ आले. "गलका फार होता रे आत. मनासारखं ऐकलंच नाही. एकदा पुकार ना."

तेयोंगने बारोंग नीट केला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आवाज फुटेना.

गातमायतान काठीवर रेलून थांबले. त्यांना कसलीही घाई नव्हती.