स्कॅनरमध्ये उतरलेले आबा

पिंप्राळ्यातल्या त्या ऑनलाइन सेवेच्या दुकानात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती, आणि झेरॉक्स मात्र एकालाही काढायची नव्हती. सगळ्यांना आबा बघायचे होते. दुकानाचे मालक हिलाल आबा जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. त्यांच्या नातीची, मृणालीची, बारावीची मार्कशीट स्कॅनरवर ठेवून बटण दाबलं, की पडद्यावर मार्कांऐवजी आबांचा चेहरा येत होता. काळपट, दाणेदार, आणि डोळे थेट बघणाऱ्यावर रोखलेले.

आबांची सून दिपमाला कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. आबा का आले, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मृणालीला धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात शिकायला जायचं होतं आणि आबा म्हणायचे, पोरगी घराबाहेर राहणार नाही. मग त्यांचं आजारपण आलं आणि तो विषय मागे पडला. आज कागद ऑनलाइन भरायची शेवटची मुदत होती आणि आबांनी नेमका आजचाच दिवस धरला होता. समोरच्या दुकानातून स्कॅन करून आणते, असं मृणाली म्हणाली, तर तिच्या बापानं, झुलालनं, मार्कशीट हातातून काढूनच घेतली.

कुणीतरी पुना भगताला बोलावून आणलं. कंप्युटर सुरू कुठून करतात हे पुना भगताला ठाऊक नव्हतं, पण त्यात कोण बसलंय हे त्यानं उंबऱ्यातूनच ओळखलं. हल्ली आत्मे पिंपळावर राहत नाहीत म्हणे, वायरीतून फिरतात. दिपमाला भीतभीत म्हणाली, की स्कॅनरचा दिवा तर जागचा हलतसुद्धा नाही. भगताला तेवढंच हवं होतं.

"दिवा हालना नही, नि आबा उना," तो गर्दीकडे वळून म्हणाला. "आते सांगा, यंत्रनं काम शे का हाई?"

मृणालीनं मार्कशीटऐवजी कोरा कागद ठेवून पाहिला. आबा आले. झाकणाखाली काहीच न ठेवता बटण दाबलं. तरी आबाच आले. तेव्हा मात्र तिचाही धीर सुटला आणि ती आईला येऊन चिकटली. भगतानं उपाय सांगितला: कंप्युटर, स्कॅनर आणि ती मार्कशीट, तिन्ही लाल फडक्यात बांधून गिरणा नदीत सोडायचं आणि पोरीनं धुळ्याचं नाव काढायचं नाही. झुलालनं मुकाट्यानं मान हलवली. दुकानही जाणार होतं आणि पोरीचं शिक्षणही, पण बाप जिवंत असतानाही त्याच्यापुढे बोलायची झुलालला सवय नव्हती.

सोडायच्या आधी आबांची परवानगी घ्यावी म्हणून भगतानं दिपमालाला भिंतीवरच्या तसबिरीपुढे हात जोडून उभं केलं आणि झुलालला शेवटचं एकदा बटण दाबायला सांगितलं.

या वेळी आबा आले नाहीत. पडद्यावर एका बाईची पाठ होती. अंबाडा, त्यात मोत्यांचा चाप, खांद्यावर घेतलेला पदर.

दिपमालानं वळून पाहिलं. चाप तिचा होता. पाठही तिचीच होती. गर्दी दाराकडे सरकली. "आबा सुनले लई जाई ऱ्हायनात," भगत पुटपुटला आणि स्वतःही दोन पावलं मागे झाला.

आबा आपल्याला घेऊन गेले तर पोरीचं कसं होईल, एवढंच दिपमालाच्या मनात आलं. तरी ती बोलली.

"पन मी ते जित्ती शे, भाऊ. जित्ता मानूसनं भूत कसं येई?"

भगत आणखी एक पाऊल दाराकडे सरकला. मृणाली मात्र पडद्याकडे, मग आईच्या पाठीकडे बघत राहिली. ही पाठ अशी कुठून दिसेल? तिनं मान वर केली.

"आई, तिथेच उभी राहा. हात वर कर."

तिनं बटण दाबलं. पडद्यावरच्या बाईचा हात वर होता.

कपाटाच्या माथ्यावर कॅमेरा होता, गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो काढायचा. त्याच्यासमोर पांढरा पडदा असायचा. सुतकात फोटोचं काम बंद म्हणून तो पडदा काढला आणि त्याच खिळ्यावर आबांची तसबीर लावली. कॅमेरा कुणी काढला नाही.

पण स्कॅनरचं बटण दाबल्यावर कॅमेरा का चालावा? मृणालीनं जोडलेल्या स्कॅनरांची यादी मागणारी आज्ञा टाइप केली. एकच ओळ आली, कॅमेऱ्याची. तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती आणि स्कॅनर वापरायची परवानगी फक्त आबांच्या लॉगिनला होती. गेलेल्या माणसाचं नाव रोज सकाळी कसं उघडायचं, म्हणून दहाव्यानंतर घरच्यांनी दिपमालाच्या नावाचं नवं लॉगिन केलं. त्याला स्कॅनर दिसतच नव्हता, आणि त्यानंतर स्कॅन करायची ही पहिलीच वेळ होती. आणि तिथला स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा भाग, कॅमेऱ्यालाही चित्र देणारं यंत्र म्हणून स्कॅनरांतच धरतो. खरा सापडेना, म्हणून प्रोग्रामनं जो सापडला तो घेतला.

मृणालीनं आईचं लॉगिन स्कॅनरच्या गटात घातलं, ड्रायव्हरच्या फायलीत कॅमेऱ्याच्या ओळीआधी एक खूण टाकून ती ओळ बंद केली, आणि लॉगिन बंद करून पुन्हा उघडलं. हे सगळं तिला आबांनीच शेजारी बसवून शिकवलं होतं. दिपमालानं नवऱ्यापुढे हात केला. त्यानं मार्कशीट दिली. स्कॅनर घरघरला, झाकणाखालून दिवा सरकत गेला आणि पडद्यावर मृणालीचे मार्क आले. पुना भगत तोवर निघून गेला होता.

"पन आबानी इच्छा?" झुलालनं हळूच विचारलं.

"ती मला त्यांच्या जिवंतपणीच माहीत होती," दिपमाला म्हणाली. "उत्तर द्यायची हिंमत नव्हती. आज देते. पोरगी जाणार."

भीती कुणालाही वाटते, त्यात कमीपणा नाही. पण भ्यायलेल्या माणसाच्या हातातून पोरीची मार्कशीट काढून घ्यायला भगत टपलेलेच असतात. म्हणून हात जोडण्याआधी एवढं करा: चित्र कुठून येतंय ते बघा, वायर कुठे जाते ते बघा, आणि नाही कळलं तर कळेपर्यंत विचारत राहा.