एकाच नावाच्या ओळी

नकाशेवाल्याने पडद्यावरच्या चालू प्रोग्रामांच्या यादीतली आणखी एक ओळ निवडली आणि ‘संपवा’ दाबलं. ओळ गेली. जरा वेळाने त्याच नावाची दुसरी तिच्या जागी उगवली. त्याने तीही संपवली. चिडून नाही, की गंमत म्हणूनही नाही. शर्टाला चिकटलेले दोरे काढावेत तसा तो एकेक ओळ काढत होता. बायको गेल्यापासून तो सगळंच असं करत होता, जेवणसुद्धा.

टेबलाखाली संगणकाचा पंखा घोंघावत होता. पडद्यावर यादीच्या मागच्या खिडकीत गटारांच्या नळांचा नकाशा अर्धा उमटून गोठला होता. उद्या त्या रस्त्यावर खोदकाम होतं. संध्याकाळपर्यंत नकाशा आला नाही तर हे काम आणि यापुढचंही दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी सकाळी फोनवर सांगितलं होतं. “बरं,” एवढंच तो म्हणाला होता.

पुतणीने दारातच चपला काढल्या. एका शाळेतल्या संगणकांची देखभाल ती करायची. हा संगणकही तिनेच बसवून दिला होता.

“काका, हे काय चाललंय?”

“साफसफाई. ब्राउझर मी एकदाच उघडला. त्याने अख्खी वरात आणलीय बघ.”

“अहो, मारत काय सुटलात!” तिने माउस त्याच्या हाताखालून ओढून घेतला. “ही सगळी एकाच घरची माणसं आहेत. सरका जरा.”

तो सरकला. तिने एक कळ दाबली आणि निम्म्याहून जास्त ओळी नाहीशा झाल्या.

“मेल्या?” त्याने विचारलं.

“छे. फक्त दिसायच्या बंद केल्या. त्या हिरव्या ओळी म्हणजे वेगळे प्रोग्राम नव्हतेच, एकाच प्रोग्रामचे हात होते. एक हात चित्र काढतो, दुसरा निरोप आणतो. मूळ ब्राउझर ही आई, आणि आता या उरल्या त्या तिच्या पोरी. उघडलेल्या पानांना एकेक खोली दिलेली. एक आजारी पडली तरी बाकीचं घर चालू राहावं म्हणून. मघाशी तुम्ही त्यातल्याच काही मारल्यात. बघा, तुमचं हवामानाचं पान कोरं पडलंय.”

“आणि मेमरी? प्रत्येकीसमोर एवढाले आकडे. मी बेरीज केली. यंत्रात आहे त्याच्या दुप्पट आली.”

“बेरीज करायचीच नाही. घरात पाच माणसं आहेत. प्रत्येकाला वेगळं विचारलं, खोल्या किती, तर प्रत्येक जण तीनच सांगणार. म्हणून काय पंधरा खोल्या होतात?”

“नाही.”

एरवी असल्या हिशेबावर तो हसला असता, असं पुतणीला वाटलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

“मग जड कशाने झालंय ते बघू.” तिने सर्वांत जास्त राबणारी ओळ वर येईल अशी यादी लावली. वर आलेली ओळ ब्राउझरची नव्हती. गाणं रेकॉर्ड करायच्या प्रोग्रामची होती. तिने शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं, वापरणाऱ्याच्या नावावर, आणि बोट तिथेच राहिलं.

बाकीच्या ओळींपुढे ‘भाडेकरू’ होतं. या ओळीपुढे होतं ‘मालकीण’.

ही नावं काकूनेच ठेवली होती. घरात संगणक आला त्या दिवशी पुतणीने दोघांची खाती उघडताना विचारलं, नाव काय देऊ? काकू स्वयंपाकघरातून ओरडली होती, “माझं मालकीण आणि त्यांचं भाडेकरू. वेळेवर उठत नाहीत, काढून टाकता येत नाहीत.” काका त्यावर दिवसभर हसत होता.

“काकूने लॉगआउट केलं नव्हतं,” पुतणी हळूच म्हणाली.

“ती कधीच नाही करायची. नुसता पडदा बदलायची. दार लोटून घ्यावं तसा.”

“आणि तुम्ही इतक्या दिवसांत एकदाही संगणक बंद केला नाहीत?”

“बंद ती करायची.” त्याने हे अशा सुरात सांगितलं, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

त्या शेवटच्या दिवशी ती इथेच गात बसली होती. प्रार्थनेच्या मंडळात तिला एकटीला गायला एक ओळ मिळाली होती. मग उठली, पडदा बदलला, म्हणाली, तुमचे नळ बघा तोवर, मी दवाखान्यात जाऊन येते. त्याने मान वर केली नव्हती.

“काका, तिचा प्रोग्राम अजून चालू आहे. पडदा तुमचा, म्हणून त्याच्या आवाजाला बाहेर यायला वाट नाही. तो सारखा धडपडतोय. पंखा त्यामुळेच ओरडतोय.” ती थांबली. “तिच्या नावाचं सगळं एका फटक्यात बंद करता येईल. आईला बंद केलं की पोरी आपोआप जातात. मग तुमचा नकाशा तासाभरात होईल. पण सेव्ह केलं नसेल ते गेलं.”

“बरं.”

“बरं म्हणजे काय? करू?”

तो ‘मालकीण’ या नावाकडे बघत राहिला.

“पासवर्ड मी बदलू शकते. आत जाऊन आधी बघू या, काय आहे ते.”

“नको. तिला न विचारता नको.”

“निदान तिच्या दारापर्यंत तरी जाऊ या,” पुतणी म्हणाली आणि तिने पडदा बदलला.

कुलूप लागलेला निळा पडदा आला. घड्याळ, मालकीण हे नाव, पासवर्डची रिकामी चौकट. आणि पंखा एकाएकी मंदावला. बंद पडद्यामागून काकूचा आवाज आला.

ती देवाला हाक मारणारी ती एकच ओळ म्हणत होती. मधल्या सुरावर घसरली, “चुकलं गं बाई,” म्हणाली, पुन्हा धरली. मग मागून, दुसऱ्या खोलीतून असावा, एक पुरुष मोठ्याने बोलला, “अगं, देवाला ऐकू गेलं असेल एव्हाना! जेवायला चल, भूक मेली माझी!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळाळून हसला.

“आले हो, अजून एकदाच!” काकू म्हणाली.

रेकॉर्डिंग संपलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. नकाशेवाला कान देऊन ऐकत होता. ती घसरली, तो माणूस बोलला, हसला.

“हा मागे कोण हसतोय?” त्याने विचारलं.

पुतणीला आधी वाटलं, काका थट्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

“काका, तुम्हीच की.”

त्याने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. खुर्ची पुढे ओढून तो पडद्यासमोर बसला. हात मांडीवर ठेवले. तिसऱ्यांदा तो माणूस हसायच्या जागी आला, तेव्हा नकाशेवाल्याचे ओठ किंचित हलले.

टेबलावरचा फोन वाजला. पुतणीने नाव पाहिलं. साहेबांचा होता. “काय करू?” तिने खुणेने विचारलं. त्याने फोन स्वतःच घेतला.

“नाही साहेब, आज नाही व्हायचा,” तो म्हणाला. “द्या दुसऱ्या कुणाला. आमचं मशीन मोकळं नाही. घरातल्यांचं काम चाललंय.”