नाव सांगा, काढून देतो

देवरावाने चिठ्ठी पुढे सरकवली. ग्रंथपाल बाबारावांनी ती उचलून चष्म्याजवळ धरली. तिच्यावर लिहिलं होतं: अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, जे असेल ते.

"जे असेल ते म्हंजे? पुस्तकाचं नाव पाह्यजे."

"नाव पाह्यल्याबिगर कसं सांगू, साहेब? जरा आतली कपाटं पाहू द्या."

"आत जायची तसदी कायले घेता? तुम्ही नाव सांगा, मी काढून देतो."

बोलणं कसं, साजूक तुपातलं! तेवढ्यात वकिलांचा मुलगा आला आणि शीळ घालत सरळ आत गेला. त्याला कोणी नाव विचारलं नाही. बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती, दिग्रसच्या शाळेत देवराव मास्तर झाला होता, पण या दाराला त्याची खबरच नव्हती.

महिनाअखेर आधारग्रंथांची नावं पोचली नाहीत तर प्रबंधाचा विषय रद्द, असं नागपूरच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. म्हणजे एम.ए. गेलंच म्हणायचं. विषय होता करार करून अमेरिकेत नेलेल्या पहिल्या मजुरांचा. काही वर्षं मालकाकडे राबायचं, मग मोकळं व्हायचं. मोकळं झाल्यावर लोकांनी त्यांना कसं वागवलं, हे देवरावाला शोधायचं होतं. एक जज्जसाहेब वारल्यावर त्यांची इंग्रजी पुस्तकं या वाचनालयाला दान आली होती. आसपास काही सापडलं तर तिथेच सापडणार होतं.

आणि त्याच कपाटांमधून त्याची माय रोज फिरत होती! सत्यभामा वाचनालयात झाडायला होती. देवरावाची विद्यापीठाची फी तिच्याच पगारातून जाई. झाडूला आत जायला मनाई नव्हती, अक्षर येणाऱ्याला होती.

संध्याकाळी देवरावाने चुलीपुढे कोळशाने अमेरिका हा शब्द इंग्रजीत काढला.

"हे पाय माय, पयलं अक्षर घराच्या छपरावाणी. ज्या पुस्तकाच्या पाठीवर हे दिसन, त्याचं सारं नाव ध्यानात ठेव."

"मले काय समजते बाप्पा त्यातलं? रेघोट्याच त्या!"

पण ती वाकली, आणि बोट काळं होईस्तोवर गिरवत राहिली.

काही दिवस नुसतीच मान हलवत घरी आली. मग एका दुपारी पायही न धुता चुलीशी बसली आणि जमिनीवर कोळसा ओढू लागली. अक्षरं वाकडी, एक तर उलटंच. देवरावाने एकेक अक्षर जुळवून वाचलं. अमेरिकेतल्या करारबद्ध मजुरांवरचंच पुस्तक!

"माय, तू तं मास्तरीण झाली!"

सत्यभामा पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"हे नाव कोणं सांगतलं तुम्हाले? जज्जसाहेबाच्या पुस्तकांची यादी तं आम्ही अजून केलीच नाही."

बाबारावांची नजर आतल्या भिंतीला टेकवलेल्या झाडूवर गेली आणि तिथेच थांबली.

"उद्या या," ते म्हणाले. "काढून ठेवतो."

सकाळी निघताना माय चुलीपाशीच बसलेली होती.

"चाल ना माय, संगंच जाऊ."

"तू हो पुढं. मी येतो मागून. तुयं पुस्तक काढून ठेवलं असन."

ठेवलंच होतं, धूळ पुसून. बाबाराव शब्दाचे पक्के. शेवटच्या पानांवर आधारग्रंथांची नावंच नावं होती. देवराव भराभरा उतरून घेऊ लागला. आतून झाडूचा आवाज येत होता. मायचा हात लांब फिरे. हा झाडू तुटक तुटक चालत होता. त्याने मान वर केली. दारातून झाडत येणारी बाई त्याने कधी पाहिलेली नव्हती.

उद्यापासून येऊ नको, असं मायला कालच सांगितलं असणार. आणि रात्रभर तिने तोंडातून ब्रही काढला नाही.

"मिळालं ना मनासारखं?" बाबाराव टेबलामागून म्हणाले. "अजून काही लागलं तं नाव सांगा."

झाडणारी बाई बाकापाशी आली.

"पाय वर घ्या जरा, मास्तर."

देवरावाने पाय वर घेतले.