तारेचं टोक

रेडिओ जोडायच्या सुट्या भागांची चाळीस पाकिटं चिकटपट्टीने बंद केली, तरी मला बसवेना. अंबडहून दोनच्या एसटीने ती तीर्थपुरीच्या शाळेत पाठवायची होती. आयुष्य वाचनालयात गेलं, घरी छंद म्हणून रेडिओ जोडत राहिलो. पण माणसांपुढे उभं राहून सांगणं कधी जमलं नाही. म्हणून तर प्रत्येक पाकिटात अकरा पानं माहिती घातली होती. कुणी मला काही विचारायलाच नको.

पण ती पानं वाचून रेडिओ जुळतो का? हे आधीच पाहायला हवं होतं. एक वाजता एक जादा पाकीट घेऊन शेजारच्या द्वारकावहिनींकडे गेलो आणि पानं वाचून रेडिओ जोडायला सांगितलं.

"तुमी निस्तं बसा. सांगू नका काही," त्या म्हणाल्या.

हात मांड्यांखाली दाबून बसलो. उठलो. दारापर्यंत जाऊन आलो.

"भाऊजी, लेकीच्या बाळंतपणात बी इतके फिरले न्हाई तुमी."

पाऊण तासाने इअरफोनमध्ये गाणं लागलं. मला हायसं वाटलं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तार खरडायची लिव्हलं न्हाई तुमी. मी आपली खरडली."

त्या तांब्याच्या तारेवर रोगणाचा थर असतो. टोकं खरडली नाहीत तर रेडिओ बोलतच नाही. माझा हात ते इतक्या सवयीने करतो की लिहायचं सुचलंच नाही. वहिनींचे यजमान पाण्याच्या मोटारींच्या तारांचं वाइंडिंग करायचे, म्हणून त्यांना ठाऊक. शाळेतल्या मुलांना कोण सांगणार?

"मंग एक ओळ लिव्हा की."

"चाळीस पाकिटांत?"

"मंग जल्दी करा."

खोकं घेऊन मीच एसटीत बसलो. एकेक पाकीट फोडायचं, पहिल्या पानावर 'तारेची टोकं ब्लेडने खरडा' लिहायचं, पुन्हा चिकटवायचं. खड्डा आला की अक्षर उडायचं.

"गाडीत कारखाना काढला का काका?" कंडक्टर म्हणाला. मी मान खाली घालून पुढचं पाकीट फोडलं.

तीर्थपुरी आली तेव्हा सतरा पाकिटं राहिली होती. खोकं घ्यायला आलेले शाळेतले देवानंद सर मला बघून चकित झाले. मी चाचरत चूक सांगितली.

"सोता आले ना? मंग पोरांना तुमीच सांगा."

वर्गात मी कागदाकडे बघतच म्हणालो, "तारेची टोकं आधी खरडा."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "ऐकू न्हाई आलं, सर."

मी कागद खाली ठेवला आणि पुन्हा सांगितलं.