खारीच्या कमरेची पिशवी

मित्रांनो, माझ्या ठिगळाकडे बघून नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या. मग नीट बसा आणि ऐका. मी एक जुनी पिशवी आहे. दप्तराची नाही, भाजीची तर मुळीच नाही. उभे कडे चढणाऱ्यांच्या कमरेला मागे लटकते ती, मूठभर तोंडाची, वीतभर खोल पिशवी. माझ्या पोटात खडूची पांढरी पूड असायची. दगडाला लटकताना बोटांना घाम सुटतो, आणि घामाने बोटं घसरतात. म्हणून चढणारा एक हात मागे आणतो, माझ्यात बुडवतो आणि पुन्हा दगडाला भिडतो. काम एवढंच. एवढंच म्हणून हसणाऱ्याने एकदा तिथे लटकून दाखवावं, मग बोलू.

मी दुकानातली नाही, हे आधी सांगते. मला आईने शिवलं. आई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचा कारखाना. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकलेले रेक्झिनचे गुंडाळे, आणि जमिनीवर इतके धागे की पाहुण्याच्या पायाला चिकटून ते त्याच्या घरी जायचे. तिला दोन मुली. धाकटी शहाणी, जमिनीवर चालणारी. थोरली चालायला लागली तशी दाराच्या चौकटीत हातपाय रोवून वर जाऊन बसू लागली. दाराच्या वरच्या पट्टीवर पायाचे ठसे बघून आई म्हणाली होती, "मी मुलगी मागितली होती, ही खार कुठून आली!" तेव्हापासून तिला सगळे खारच म्हणत.

मोठी झाल्यावर खार एक दिवस मशीनपाशी येऊन उभी राहिली. "आई, पुडीची पिशवी फाटली. नवी शिवून दे ना."

"दुकानातून आण की. तुमच्या दुकानात रंगीबेरंगी मिळतात म्हणे."

"त्या टिकत नाहीत."

झालं! आईला एवढंच ऐकायचं होतं. "ट्रकवाल्यांच्या बुडाखाली वर्षानुवर्षं टिकतं माझं शिवण. तुझ्या चिमूटभर पिठाचं काय घेऊन बसलीस!" ताडपत्रीचा उरलेला तुकडा, आत जुन्या लोकरी शर्टाचं अस्तर, सगळीकडे दुहेरी शिलाई, आणि तोंड मिटू नये म्हणून काठात प्लास्टिकची पट्टी. शेवटचा धागा दाताने तोडून आईने मला लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हिचं तोंड कायम उघडं राहील. माझ्यासारखं."

त्या हाताची मी आहे. बोलणं थोडं तिखट वाटलं तर तक्रार तिच्याकडे करा. हिंमत असेल तर.

मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. खार दोर घेऊन पुढे चढायची आणि मागून यायचा लांब्या. हा धंद्याने वायरमन. आठवडाभर विजेच्या खांबावर, सुट्टीला कड्यावर. जमिनीवर हा माणूस फक्त जेवायला उतरत असावा. त्याच्या कमरेला त्याची स्वतःची पिशवी होती, पण दगडात उभं राहायला जरा जागा मिळाली की त्याचा डावा हात न बघताच खारीच्या कमरेकडे यायचा आणि माझ्यात शिरायचा.

"स्वतःची वापर ना, मेल्या!"

"तुझी पूड चांगली लागते."

"एकाच पुड्यातली आहे!"

"असेल. पण पिशवी मावशीने शिवलेली आहे."

मी अशी फुगायचे की विचारू नका.

सगळे कडे खारीने जिंकले, एक सोडून. त्याला सगळे काळी भिंत म्हणत. खालून वर सरळ, आणि डोकं गाठायच्या जरा आधी एक दगडी छप्पर पुढे आलेलं. तिथे चढणाऱ्याची पाठ जमिनीकडे होते आणि पाय हवेत जातात. खार दर वेळी तिथूनच सुटायची, दोरावर झोके घ्यायची आणि हसायची. घरी येऊन आईला म्हणायची, "त्या भिंतीच्या मागून वर जायला पायवाट आहे. बकऱ्यासुद्धा जातात. तू मागून ये, मी पुढून येते. वर चहा पिऊ."

"आणि ही कव्हरं कोण शिवणार? तुझा डोंगर?"

ते राहून गेलं. खार आजारी पडली. ज्या बोटांना दगड सुटत नव्हता, त्या बोटांना पुढे पेलाही धरवेना. ती गेली. तिची राख आईने स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवली आणि मला खुंटीवर टांगलं. शेजारीण भेटायला आली आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "शेवटी डोंगरानेच नेली हो पोरीला!" आईने मशीन थांबवलं. "डोंगराने नाही नेली. अंथरुणावर गेली ती. डोंगराने इतकी वर्षं हसत ठेवलं तिला. उगीच त्याच्यावर आळ घेऊ नका."

त्या खुंटीवरचे दिवस मला आठवूसुद्धा नयेत. मला कुणी फेकलं नाही, वाईट बोललं नाही. धाकटी अधूनमधून मऊ फडक्याने माझी धूळ पुसायची. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचे. मित्रांनो, हेळसांड करायचा याहून सभ्य प्रकार मला माहीत नाही. माझं अस्तर कडक झालं आणि कोळ्याने माझ्या तोंडावर घर बांधलं. माझ्या तोंडावर! आईने शिवलेल्या!

एक दिवस लांब्या आला. दारातच उभा राहिला, चप्पल काढायचंही त्याला सुचेना. "मावशी, खार किती दिवस घरात बसणार?"

आईने चष्म्यावरून बघितलं. धाकटी घाबरली. मीसुद्धा.

"मीही तेच म्हणते," आई म्हणाली. "जिवंतपणी एक रविवार घरात टिकली नाही. कपाटात काय टिकणार?"

तिने मला खुंटीवरून ओढून काढलं, धुतलं, पिळलं आणि खारीच्या निळ्या शर्टाचं नवं अस्तर लावून तोंड आवळायला दोरी ओवली. डब्यातली राख तिने एका दमात माझ्यात ओतली, कणही सांडला नाही. मशीनच्या सुईत दोरा ओवताना मात्र तिला बराच वेळ लागला. मग तिने लांब्याला बजावलं, "प्रत्येक शिखरावर एक चिमूट ठेवायची. उधळपट्टी नको. तिला अजून पुष्कळ फिरायचंय. आणि शेवटची मूठ काळ्या भिंतीच्या डोक्यावर. ती दुसरीकडे कुठे सांडलीस, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

असे आम्ही निघालो. बर्फाच्या सुळक्यांवर गेलो, समुद्रातून वर आलेल्या कड्यांवर गेलो, एका डोंगरावर तर वर जाऊन बघतो तो टॉवर आणि त्याचा कंटाळलेला राखणदार! त्यानेही टोपी काढून खारीला सलाम केला. जिथे जाऊ तिथे एक चिमूट. लांब्या आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःचा एक रिवाजही पाडला. सगळ्यात अवघड टप्प्याच्या आधी माझं तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "बघ गं खारू." पुढचं बघितल्याशिवाय खार कधी चढली नव्हती, म्हणून. मलाही ते आवडायचं. पोटात काय आहे हे विसरून मी वाऱ्याकडे तोंड करून बसायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. लांब्या कायम मागून चढायचा. पुढे कुणी ना कुणी नवं असायचं. खार गेल्यावर दोर घेऊन पुढे चढण्याची हिंमत त्याने कधी केली नाही. धाकटी आता दोर सांभाळायला शिकली होती, हो, तीच जमिनीवरची! पण पुढे चढणं तिलाही येत नव्हतं. आणि माझ्यात एकच मूठ उरली तेव्हा काळ्या भिंतीवर पुढे व्हायला कुणीच तयार होईना.

"लांब्यादादा, आता तूच," धाकटी म्हणाली.

"मी मागून चढणारा माणूस आहे."

"खांबावर तुझ्या पुढे कोण असतं रे?" आईने मशीनवरूनच विचारलं.

"तिथे वीज बंद करता येते, मावशी. इथे भीती बंद करायला बटण नाही."

"मग चालू ठेवून चढ. ती काय बिनभीतीची होती? निघायच्या दिवशी सकाळी पोट बिघडायचं तिचं. संडासाबाहेर ताटकळत उभं कोण राहायचं, मला विचार!"

लांब्याने दोर खांद्यावर टाकला आणि निघाला.

आई भिंतीच्या पायथ्यापर्यंत आली. घडीचं स्टूल मांडून बसली आणि म्हणाली, "जा. मी इथून बघते. आणि रडका चेहरा करून चढू नकोस, दगड ओला होईल."

लांब्याच्या उजव्या कमरेला त्याची नवी झगमगीत पिशवी, पांढऱ्या पुडीने भरलेली. डाव्या कमरेला मी. तो सावकाश चढला, पण चढला. छपराखालच्या कपारीत धाकटी त्याच्या मागोमाग पोचली आणि तिथेच स्वतःला बांधून घेऊन तिने दोर हातात घेतला. खाली बघितलं तर स्टूल दिसेना.

"आई कुठे गेली?"

"गेली असेल झुडपामागे," लांब्या म्हणाला आणि त्याने रिवाजाप्रमाणे माझी दोरी सोडली. "बघ गं खारू. हेच ते छप्पर."

"दादा, तोंड बांध आता तिचं."

"बघू दे की जरा. आजचं शेवटचंच आहे."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

छपराखाली त्याची पाठ जमिनीकडे झाली. उजवा हात फटीत रुतलेला, एक पाय हवेत. डाव्या हाताला घामाच्या धारा लागल्या होत्या. इथूनच खार दर वेळी सुटली होती. लांब्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग त्याचा डावा हात, इतक्या वर्षांच्या सवयीचा तो आगाऊ हात, न बघता मागे आला आणि थेट माझ्यात शिरला.

हात बाहेर आला तो राखाडी. लांब्याने बघितला आणि जागच्या जागी गोठला.

"धाकटे," त्याचा आवाज फुटला, "मी... मी खारीत हात घातला गं."

 खालून धाकटी अशी ओरडली की मला वाटलं आईच बोलली. "मग आता धरून ठेव तिला! सोडू नकोस!"

त्याने डावा हात छपराच्या काठावर टाकला. बोटं बसली, घसरली नाहीत. आता उजव्याची पाळी. तो फटीतून सुटला, नव्या पिशवीपाशी आला. तिचं तोंड आ वासलेलंच होतं, पांढरी पूड काठोकाठ. त्या हाताने तिला ओलांडलं, कमरेला वळसा घातला आणि तो माझ्यात आला. या वेळी सवयीने नाही, मित्रांनो. या वेळी मुद्दाम. त्याने तळापर्यंत बोटं घातली आणि म्हणाला, "खारू, चल. तू पुढे, मी मागे."

पाय हवेत गेले. सगळं अंग दोन राखाडी हातांवर लटकलं. मग कोपर वर, छाती वर, गुडघा वर. काळ्या भिंतीचं छप्पर आमच्या खाली गेलं!

काठावरून त्याने डोकं वर काढलं, तर नाकासमोर दोन पाय. जाड मोजे, त्यावर घरातल्या चपला. शेजारी स्टूल, स्टुलावर चहाचा थर्मास.

"किती वेळ लावलास!" आई म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. "बकऱ्या दोनदा येऊन गेल्या."

लांब्या गुडघ्यावरच राहिला. त्याने हात पाठीमागे लपवले, एवढा ताडमाड माणूस. "मावशी, मूठ उरली नाही. तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी..."  त्याने हात पुढे केले.

आईने चष्मा लावला. ते हात उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले, रेघारेघांत भरलेली लेक बघितली. मी अंग चोरून बसले होते. आता काय ऐकावं लागतंय!

"हिला वर न्यायला निघाला होतास ना," आई म्हणाली. "बघ आता, कुणी कुणाला आणलं ते."

आणि आई हसली. खार दोरावर झोके घेताना हसायची ना, अगदी तशी. मला तोवर ठाऊकच नव्हतं की ते हसू आलं कुठून. तिने त्याच्या तळव्यांना आपले तळवे लावले, दाबले, आणि दोघांनी चारही हात भिंतीच्या डोक्यावरच्या दगडावर ठेवले. राखाडी ठसे उठले. मग आई काठाशी गेली आणि खाली साऱ्या दरीला ऐकू जाईल अशी ओरडली, "खारे! पोचलीस गं! आणि मीपण आले!" छपराखालून धाकटीने आरोळी ठोकली. डोंगराने ती परत दिली, वर आपलीही एक घातली.

धाकटी वर आल्यावर तिघांनी थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्यायला. चहा कोमट झाला होता. आईने त्याचाही दोष लांब्याला दिला.

घरी आल्यावर आईने मला उलटी केली. वाटलं, आता पुन्हा खुंटी. पण तिने उसवलेला काठ शिवला, कोपऱ्यावर ठिगळ मारलं, ज्याला तुम्ही मघाशी नाक मुरडलंत तेच, आणि मला पांढऱ्या पुडीने भरून धाकटीच्या कमरेला बांधलं. अस्तराच्या शिवणीत एक राखाडी रेघ उरली आहे. आईसारख्या बाईला ती दिसली नसेल असं होणार नाही. तिने ती झटकली नाही, एवढंच.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी खुंटी असेल आणि तिच्यावर कुणा गेलेल्या माणसाचं काहीतरी असेल. त्याची धूळ पुसता, ठीक आहे. पण एवढ्याने जपणं होत नाही. उसवलं असेल तर शिवा, गंजलं असेल तर घासा, आणि कामाला लावा. आम्हाला मान नको, हात हवेत. घामाने ओले झालेले चालतील, न बघता घुसणारे तर त्याहून चांगले.

पुरे आता. धाकटी पट्टा आवळतेय. आज लांब्या मागे आणि दोर घेऊन पुढे ती. सकाळपासून पोट बिघडलंय तिचं, आणि आई संडासाच्या दाराशी उभी राहून हसत होती. मला तोंड उघडं ठेवायचं आहे.