पळपुट्याचा शिक्का

सभ्यता हा माणसाचा असा एकमेव दागिना आहे की जो चोराला नेता येत नाही आणि मरणालाही उतरवता येत नाही, असं कवळीकाराचं ठाम मत होतं. हा दागिना तो रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पायजम्या-बनियनवर घालत असे आणि चहाच्या वेळेला काढून ठेवत असे. आठवड्याचे बाकीचे दिवस त्याचं त्यावाचून काही अडत नसे. जिन्यात शेजारी भेटला तर तो भिंतीकडे बघत वर जाई. रांगेत पुढच्याच्या मानेवर उसासे टाकी. बायकोनं हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ‘काय आहे’ म्हणे, आणि चौथी मारली तर ‘ऐकू येतंय’.

कवळीकार हे त्याचं नाव नव्हे, धंदा. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तो मेणात एकेक दात रोवी. तोंडं डॉक्टरांकडे, साचे त्याच्याकडे. कित्येक माणसांचं हसू त्याच्या हातचं होतं आणि त्यातल्या एकालाही त्यानं हसताना पाहिलेलं नव्हतं. त्याला ते सोयीचंच वाटे. माणसं समोर नसली की त्याच्या हातून चांगली वागणूक होई.

रविवारी दुपारी तो संगणकावर जो खेळ खेळे, तो तलवारीचा होता. इंटरनेटवरून कुठकुठची माणसं त्यात उतरत, दोघं दोघं रिंगणात उभी राहत आणि एक जण पडेपर्यंत एकमेकांना कापत. कापाकापीच्या या उद्योगात शिष्टाचार मात्र असा, की नव्यानं सोयरीक जुळलेल्या व्याह्यांनी येऊन शिकावा. लढाईआधी दोघांनी दोनदा वाकायचं. समोरचा तलवार बदलत असला तर थांबायचं. पडलेल्याच्या अंगावर नाचायचं नाही. संपल्यावर हरलेल्यानं आधी आणि जिंकलेल्यानं मागून ‘छान झाली’ असं लिहायचं. समोरचा मध्येच दगडासारखा उभा राहिला, तर त्याच्या दारावर कोणी आलंय किंवा दूध उतू चाललंय असं समजून तलवार खाली करायची आणि वाट बघायची. तो ओळखीचा असला तरी अशा वेळी फोन करायचा नाही, कारण घंटी वाजली की माणूस बिचकतो, आणि बिचकवणं हा कपटाचा प्रकार झाला. यातलं काहीही खेळ बनवणाऱ्यांनी लिहून दिलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांनीच ते हळूहळू ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत कवळीकाराचा आवाज मोठा होता. फोनचं कलम त्याचंच.

सगळ्यांत मोठं पाप म्हणजे लढाई अर्धवट टाकून निघून जाणं. जो जाई त्याच्या नावापुढे करड्या अक्षरांत ‘पळपुटा’ असा शिक्का बसे. साध्या खेळाडूनं तक्रार केली तर चौकशी होई; पंचानं केली तर लगेच शिक्का. कवळीकार पंच होता.

आणि त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी होता त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा लिफ्ट दुरुस्त करी. एकटा राही, गावाच्या दुसऱ्या टोकाला, गंमत म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर. कवळीकाराला खेळाची गोडी त्यानंच लावली आणि मग पुढची काही वर्षं दर रविवारी भोगली. तो दोनदाऐवजी तीनदा वाके. तिसरं वाकणं कशाला म्हणून विचारलं तर सांगे, ‘ते भाऊजी म्हणून.’ नियमात नसलेला मान घ्यावा की नाही, याचा कवळीकारानं बरेच दिवस विचार केला आणि मग घेत राहिला.

त्यांचं एकदाच वाजलं होतं. एका रविवारी लढाई अगदी रंगात आली असताना मेहुणा गायब झाला. नंतर फोनवर म्हणाला, लाईट गेली. कवळीकारानं त्याला बरंच ऐकवलं. नातं नात्याच्या जागी, रिंगण रिंगणाच्या जागी. पुढच्या वेळी शिक्का मारीन, मग बहिणीकडे रडत जाऊ नकोस. मेहुणा हसत हसत म्हणाला होता, “मारा की भाऊजी. तुमच्या हातून मेलेला मी, शिक्क्याला काय घाबरतोय.”

पुढच्याच रविवारी तो पुन्हा थांबला.

तलवार उगारलेली, एक पाय पुढे, आणि तसाच उभा. कवळीकारानं रीतसर आपली तलवार खाली केली. थोडा वेळ गेल्यावर त्यानं लिहिलं, ‘झोपलास काय रे?’ मग, ‘मेहुणे, लिफ्ट अडकली वाटतं.’ उत्तर आलं नाही. फोन हाताशीच होता, त्यानं तो पालथा करून ठेवला. वार केला असता तर जिंकला असता. तो न करता आपण उभे आहोत, हे त्याला आतून फार बरं वाटत होतं. एवढा वेळ कोणी कोणासाठी थांबत नाही. मग मेहुण्याची आकृती विझल्यासारखी नाहीशी झाली. कवळीकारानं सुस्कारा सोडून तक्रारीचा रकाना उघडला. कारण लिहिलं, ‘दुसऱ्यांदा पळाला’, आणि खाली आपल्या मनानं जोडलं, ‘नातेवाईक आहे म्हणून सवलत देऊ नये.’ पोच ताबडतोब आली. शिस्त राखल्याबद्दल आभार मानले होते.

चहाचं आधण उकळत होतं तेव्हा बायकोचा फोन वाजला. मेहुण्याच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते. वर काहीतरी धपकन पडल्याचं त्यांनी ऐकलं होतं. माणूस अवजारांशीच खेळणारा, पडलं असेल काही, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. नंतर राहवेना म्हणून गेले. दार नुसतं लोटलेलं. तो टेबलाशेजारी जमिनीवर होता. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळतं तर काही करता आलं असतं. मग बायकोचा चेहरा बघून म्हणाले, तसं सांगता येत नाही म्हणा.

कवळीकारानं सगळं केलं. माणसं बोलावली, कागदांवर सह्या केल्या, खोलीची किल्ली मालकाला दिली. सामान फार नव्हतंच. अवजारांची पिशवी आणि लॅपटॉप बायकोनं घरी आणला आणि कपाटाशेजारी ठेवला. काही दिवस ती त्या पिशवीला वळसा घालून ये-जा करत होती. मग एका सकाळी चष्म्याच्या दुकानात कामावर निघता निघता म्हणाली, “अहो, तो तिथे कसा दिसायचा ते मला दाखवाल? खेळात. मी कधी बघितलंच नाही. नुसतं ओरडायचे तुम्हा दोघांवर.”

दाखवतो, तो म्हणाला. दुपारी उघडून बघितलं तर मेहुणा निळ्या अंगरख्यात उभा होता, आणि डोक्यावर नावाच्या आधी तो करडा शब्द. बायको लेन्सवरचा केसाएवढा ओरखडा ओळखून परत पाठवणारी बाई. पहिल्या फटक्याला विचारणार, हे काय लिहिलंय. आणि दुसऱ्या फटक्याला, कोणी लिहिलं.

म्हणून कवळीकार टाळत राहिला. एकदा चार्जिंग नव्हतं. एकदा काहीतरी अपडेट होत होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आज नको, तुला त्रास होईल. बायको म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’ची त्याला जन्माची ओळख होती. त्यात बरं काही नसे.

आधी त्यानं खेळ चालवणाऱ्यांना लिहिलं की खेळाडू गेला आहे, शिक्का काढावा. उत्तर आलं की खेळाडू गेल्याबद्दलच शिक्का आहे. पुन्हा समजावून लिहिलं, तेव्हा तेच उत्तर पुन्हा आलं, आभारासकट. शिक्का जायला एकच वाट होती: त्याच खात्यातून तीन लढाया शेवटपर्यंत लढायच्या आणि तिन्ही वेळा समोरच्याकडून ‘छान झाली’ मिळवायचं. दुसऱ्याच्या खात्यातून खेळणं हे कवळीकाराच्या हिशेबी पाकीट मारण्याच्या बरोबरीचं होतं. त्यानं रजा टाकली, बायको दुकानात गेल्यावर मेहुण्याचा लॅपटॉप उघडला आणि मेहुणा होऊन रिंगणात उतरला.

पळपुट्याशी कोणी लढेना. जो तो नाव वाचून मागे फिरे. कोणी लिही, ‘काका, आज लाईट आहे ना?’ कोणी, ‘बूट घालून आलायस की पळायला अनवाणी?’ शेवटी एक जण तयार झाला. कवळीकार वाकला, आणि वाकलेला असतानाच समोरच्यानं त्याची मान उडवली. पळपुट्याला नमस्कार देणं लागत नाही, हेही एक कलम होतं, आणि तेही कवळीकाराचंच. मान उडालेल्या मेहुण्याकडे बघत त्यानं ‘छान झाली’ असं लिहिलं. समोरच्याला त्यात विनोद दिसला असावा, त्यानंही लिहिलं.

दुसरी लढाई मिळायला दोन दुपारी गेल्या. ती तो हरला, कारण मेहुण्यानं तलवारीची बटणं डाव्या हाताला बसवली होती आणि ती बदलायचा धीर कवळीकाराला झाला नाही. एका बटणावरचं अक्षर मेहुण्याच्या बोटानं पार पुसून गेलं होतं. ते दाबताना तो दर वेळी बिचकत होता.

तिसरा प्रतिस्पर्धी आपण होऊन आला. नाव होतं ‘गंजकी कात्री’. शिक्का बघूनही तो समोर उभा राहिला आणि दोनदा वाकला. कवळीकारही दोनदा वाकला. कात्रीनं लिहिलं, ‘तिसरं कुठे गेलं?’

कवळीकारानं तिसऱ्यांदा वाकून दाखवलं.

‘हां, आता ओळख पटली,’ कात्री म्हणाला. ‘कुठे होतास इतके दिवस? आणि हा शिक्का कसला? भाऊजींनी मारला ना शेवटी?’

त्यानं ‘हो’ एवढंच लिहिलं.

‘तरी तुला सांगत होतो. जिंकायला लागलास की लाईट घालवतोस, एक दिवस अंगाशी येईल. अरे, एकदा हरव त्यांना, मरत नाहीत ते.’

कवळीकाराचे हात बटणांवरून उचलले गेले. त्याला तो लाईट गेलेला रविवार आठवला. तेव्हा रक्त मोजणाऱ्या पट्टीवर त्याचं स्वतःचं रक्त तळाला गेलं होतं, अजून एक वार आणि पडणार अशी वेळ होती, आणि तेवढ्यात मेहुणा गायब झाला होता. पंच म्हणून त्यानं एवढाच भाग ध्यानात ठेवला नव्हता.

कात्री लिहीतच होता. ‘तूच म्हणतोस ना, त्यांची रविवारची दुपार बरी गेली की आठवडाभर बहिणीला त्रास कमी. काय, झोपलास काय रे?’

मेहुणा रिंगणात दगडासारखा उभा होता. कात्रीनं तलवार खाली केली आणि वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग कवळीकारानं डोळे पुसले, लढाई केली, हरला आणि ‘छान झाली’ असं लिहिलं. ‘छान झाली. भाऊजींना नमस्कार सांग,’ असं उत्तर आलं. नावापुढचा करडा शब्द नाहीसा झाला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं बायकोला आपण होऊन हाक मारली. ती हात पुसत आली, खुर्ची ओढून बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. दुकानात काचेला बोट लावणाऱ्या गिऱ्हाइकांवर डाफरणारी बाई, तिनं पडद्यावर निळ्या अंगरख्यावर बोट ठेवलं.

“बारीक दिसतो इथे,” ती म्हणाली. “खांदे मात्र त्याचेच. पाडलेले.” मग तिनं विचारलं, “शेवटी कोणाशी खेळत होता?”

“माझ्याशी.”

“म्हणजे त्याला झालं तेव्हा तुम्ही समोर होता?”

“समोर म्हणजे, इथे. तो मध्येच थांबला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“वाट बघितली.”

“फोन नाही केलात?”

कवळीकारानं पडद्याकडे बघितलं. नाव स्वच्छ होतं. सगळं झाकून झालं होतं आणि हे राहून गेलं होतं.

“मध्ये फोन करायचा नसतो,” तो म्हणाला. “तशी पद्धत आहे.”

बायकोनं पडद्यावर उमटलेलं बोट पदरानं हलकेच पुसलं, उठली आणि आत गेली. त्यानं तिला हाक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या हाकेलाही आतून काही आलं नाही. चहाची वेळ टळून गेली तरी तो तिथेच बसून होता, आणि मेहुणा तलवार खाली करून त्याच्यासमोर.

सोमवारी सकाळी खेळाचा नवा मोसम सुरू झाला आणि त्या निमित्तानं सगळ्यांच्याच नावापुढचे शिक्के सरसकट पुसले गेले. तशी सूचना आधीचा आठवडाभर पहिल्या पानावर होती.