पायी तोपचीचा बूट

मी एक जुना लष्करी बूट आहे, डाव्या पायाचा. मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या चामड्यात तोंड दिसायचं. आता कोन गावात निकेश म्हात्रेच्या ओट्यावर पडून असतो.

निकेश तोफखान्यात होता. तिथे माझं काम सुखाचं होतं, तोफेमागे घट्ट उभं राहायचं. तोफांनी कान बधिर होतात, म्हणून आलेला हुकूम प्रत्येकाने मोठ्याने परत म्हणायचा अशी तिथली रीत. निकेशचा आवाज सगळ्यांत दणदणीत. साहेब त्याची पाठ थोपटायचे आणि मी उगाच फुशारायचो.

मग तोफा मागे राहिल्या आणि आमच्या तुकडीला काश्मीरच्या जंगलात पायदळाचं काम लागलं. पायदळवाले आम्हाला 'पायी तोपची', म्हणजे तोफेविना पायी फिरणारे गोलंदाज, म्हणून चिडवायचे. निकेशचा दोस्त, करंजा गावचा मिथुन कोळी, हसून म्हणायचा, "म्हनू दे रं."

एका सकाळी आम्ही झाडीत दबा धरून बसलो होतो. हवालदार कुजबुजला, "डावीकडे सरका." आणि निकेश सवयीने ओरडला, "डावीकडे सरका!"

लगेच समोरून गोळ्या सुटल्या. एक मिथुनच्या गळ्यातून आरपार गेली. तो माझ्यावरच पडला. त्याचं गरम रक्त माझ्या शिवणीतून थेट मोज्यापर्यंत गेलं. निकेश दोन्ही हातांनी जखम दाबत होता, मिथुन टाचा घासत होता. मरायला त्याला फार वेळ लागला.

निकेश नोकरी संपवून घरी आला. मिथुनची आई वेणू दर वर्षी त्याला भेटायला यायची आणि विचारायची, "पोराला लय दुखला का रं?"

"नाय मावशी. जागच्या जागी गेला."

मला शरम वाटायची. सात वर्षं हे असंच चाललं.

परवा तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "तू व्हतास म्हनून माजा पोर एकटा नाय मेला."

निकेशला ते सोसलं नाही. "मावशी, मी वरडलो. माज्या आवाजावर गोल्या आल्या. आन तो लगेच नाय गेला."

वेणू उठली. तिच्या हाताशी मीच होतो. तिने मला उचलून त्याच्या पाठीत, खांद्यावर, तोंडावर हाणलं. त्याची भुवई फुटली. त्याने हात वर केला नाही. दमल्यावर ती मला मांडीवर घेऊन खाली बसली.

"आता समदा सांग," ती म्हणाली. "पयल्यापासून."

मित्रांनो, बुटाची निगा राखा, असं मी म्हणायला हवं. पण माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या चुकीने कुणाचं माणूस गेलं, तर त्याच्या आईला खरं सांगा, आणि वेळेवर सांगा. वेणू सात वर्षं दर खेपेला निकेशसाठी निवडून सुकट आणत होती.